अनसामावशीचा अंगठा

अन्याय अनसाबाईवर झाला. गेल्या वर्षी, शिवरात्रीनंतर चौथ्या दिवशी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या गावातल्या राशन दुकानात. मशीननं तिचा अंगठा सात वेळा नाकारला, दुकानदार म्हणाला "व्हा बाजूला", आणि ती बाजूला झाली. वेळ मला इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण तिच्यामागं रांगेत मीच होतो आणि दर दोन मिनिटांनी मोबाइल काढून घड्याळ बघत होतो. मला हिंगोलीला जायचं होतं. निवेदन द्यायला.

नाव तिच्याच सांगण्यावरून लिहितोय. फोटोला तिनं साफ नाही म्हटलंय. ते पुढं येईल.

सध्या गावात परत हळद शिजायला लागली आहे. शेताशेतात ट्रॅक्टरला जोडून आणलेले कुकर उभे आहेत, पहाटेपासून त्यांच्या शिट्ट्या ऐकू येतात. वाफ अंगावर आली की ओल्या मातीचा, काढ्याचा आणि उकडलेल्या कंदाचा वास एकत्र येतो. नालीतून पिवळं पाणी वाहतं. गावातली कुत्री त्यात पाय घालून येतात आणि आठ-पंधरा दिवस पिवळ्या पायांनी हिंडतात. दुसऱ्या कुणाला या वासानं सुगी आठवत असेल. मला झिंगे आठवतात. कारण याच दिवसांत धरणाचं पाणी काठापासून मागं सरतं, उथळ पाण्यात झिंगे गोळा होतात, आणि अनसाबाईचा नवरा किसनकाका पहाटे मोटारसायकलवर जाऊन पाटीभर झिंगे घेऊन येतो. पाटी उतरते ती अनसामावशीच्या ओट्यावर. हळदीची वाफ आणि झिंग्यांचा ओलसर, चिखलकट वास आमच्या गल्लीत एकमेकांत मिसळतात, आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या टोकाला बारीक टोचल्यासारखं होतं. खरंच होतं. लिहायचं म्हणून लिहीत नाही.

रांगेकडं परत येतो. दुकानाच्या दारावर खडूनं लिहिलेलं होतं: महिनाअखेरपर्यंत ज्याची केवायसी होणार नाही, त्याचं नाव कार्डावरून कमी होणार. मावशीच्या कार्डावर दोनच नावं. किसनकाका आणि ती. काकाचा अंगठा आदल्या दिवशी लागला होता. आता हिचा लागला की झालं.

"पुसून लावा, मावशी," दुकानदार म्हणाला.

तिनं पदराला पुसून लावला. लाल दिवा.

"दाबून लावा."

लाल.

"लई नका दाबू."

"आत्ताच दाब म्हणलास की बाबा."

मागं हशा झाला. एक बाई म्हणाली, "अनसे, जिभंचा ठसा दे, तो लागंल बराबर."

"तुह्या सासूचा घेतला का आधी?" मावशीनं मागं न बघता विचारलं. पुन्हा हशा. तोवर हसण्यासारखंच होतं सगळं. पाचव्या वेळेनंतर कुणी हसलं नाही. सातव्या वेळेला ती अंगठा लावण्याआधी त्याच्याकडं बघून काहीतरी पुटपुटली, आपण हट्टी वासराला समजावतो तशी.

"व्हा बाजूला. मागची माणसं खोळंबून राहिलीत."

"मंग कवा येऊ?"

"अंगठा लागल तवा या."

ती बाजूला झाली. तिच्या पायांनी मोकळी केलेली जागा होती, तिथं मी पाय ठेवला. अंगठा लावला. पहिल्याच झटक्यात हिरवा दिवा. मशीनमधल्या बाईनं गोड आवाजात काहीतरी सांगितलं, आणि मला बरं वाटलं. पास झाल्यासारखं. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. मग मी हिंगोलीला गेलो आणि दहा मागण्यांचं निवेदन दिलं. त्यात 'वंचित' हा शब्द चार ठिकाणी होता. टाइप मीच केलं होतं.

परतताना शिरड शहापूरच्या फाट्यावर चहा घेतला. कपाचा कान अंगठ्यानं धरताना तिचा अंगठा डोळ्यापुढं आला. तिथून घरापर्यंत तो गेला नाही.

अनसामावशी आमच्या गल्लीत तिसऱ्या घरात राहते. माझ्या जन्माच्या आधीपासून ती झिंगे सोलते. आमच्याकडं समुद्र नाही. कोळंबी हा शब्द मी टीव्हीवर ऐकला. आमचे ते झिंगे, बोटाच्या दोन पेरांएवढे, पाण्यासारखे आरपार, निळसर करडे. खाणारे पुष्कळ, सोलणारे कमी. घरातलं पातेलं, म्हणजे भगुनं, घेऊन यायचं, मावशीच्या ओट्यापुढं ठेवायचं आणि तासाभरानं सोललेले झिंगे घेऊन जायचे, अशी गल्लीची रीत. आमच्या घरातसुद्धा झिंगे कधी सालीसकट आले नाहीत. आई नुसतं मीठ-हळद लावून तीन पाणी धुवायची, काळं तिखट घालून करडीच्या तेलात परतायची. झिंगा सालीत असतो हे मला सहावी-सातवीत कळलं असेल.

सोलण्याचं काम बघायला सोपं वाटतं. डाव्या हातात झिंगा. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, यांच्या चिमटीत डोकं. डोक्याला पुढं करवतीसारखी काटेरी सोंड असते, ती नेमकी अंगठ्याच्या गादीत घुसते. डोकं पिरगाळून काढायचं. ते टाकायचं नाही, वेगळं ठेवायचं, कारण डोकी वाटून त्यांचं पाणी कालवणात घालतात. मग पोटाकडून अंगठ्याचं नख घालून पाय एका झटक्यात खरवडायचे. त्याच अंगठ्यानं साल उचलायची. शेपूट चिमटून ओढायची. शेवटी पाठीवर बाभळीचा काटा टोचून काळा दोरा अलगद वर घ्यायचा. तुटला तर कालवण कडू. एका झिंग्यामागं अंगठा पाच वेळा घासला जातो. पाटीत किती झिंगे असतात, आणि तीस वर्षांत किती पाट्या, हा हिशेब कुणी केलेला नाही. मावशीच्या अंगठ्यावर तो झालेला आहे. हात लावला तर नदीतल्या गोट्यासारखा लागतो, गुळगुळीत आणि गार.

त्यातून झिंग्यांचा हंगाम आणि हळदीचा हंगाम एकच. सकाळी झिंगे, दुपारी दुसऱ्याच्या रानात हळदीचे कंद मोडायचे. तिथंही अंगठाच.

म्हणजे मशीन खरं बोलत होतं. तिच्या अंगठ्यावर रेषा नव्हत्या. त्या आमच्या भगुन्यांत गेल्या होत्या.

मी पत्रकात वाढलेला माणूस. कुणाला ठेच लागली तरी माझ्या डोक्यात आधी मथळा येतो. त्या संध्याकाळी मी तिच्या ओट्यावर गेलो, मोबाइल काढला आणि म्हणालो, "मावशी, हात पुढं करा. बोटांचा फोटो घेतो. 'या बोटांकडे बघा' म्हणून पत्रक काढू."

ती झिंगे सोलतच होती. "काहून?"

"लोकांना कळू द्या ना तकलीफ."

"अन् बाजारात गिऱ्हाईक काय म्हणल? ही चिरा पडलेल्या हातानं झिंगे सोलते म्हणल. उद्यापासून भगुनं कोण आणल माह्याकडं?" तिनं एक डोकं पिरगाळून बाजूला टाकलं. "नाव छाप माझं. नावाला काय चिरा न्हाईत. बोटं न्हाई छापायचे."

किसनकाका जाळं दुरुस्त करत बसला होता. तो म्हणाला, "माझा छाप फोटो. माझा अंगठा लागलाय."

"तुमचा कोण बघल," मावशी म्हणाली.

माझं पत्रक तिथंच संपलं. तिच्यावरच्या अन्यायाचा राग तेवढा माझ्यापाशी राहिला, आणि त्याचं काय करायचं ते मला समजेना.

दोन दिवसांनी मी तिला तालुक्याच्या एका आधार केंद्रावर घेऊन गेलो. तिथल्या पोरानं तिचा अंगठा उलटसुलट बघितला आणि सांगितलं, "मावशी, पंधरा दिवस हाताला आराम द्या. तेल लावा. रेषा वर येतील, मग या." तो वाईट पोरगा नव्हता. मावशीनं ते एखादं व्रत सांगितल्यासारखं ऐकून घेतलं. पंधरा दिवस झिंग्याला हात लावायचा नाही. हळदीला जायचं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ अंगठ्याला करडीचं तेल चोळायचं आणि वर जुन्या धोतराची चिंधी गुंडाळायची.

"अन् पाटी?" किसनकाकानं विचारलं. "ऐन हंगाम हाय. झिंगा काय पंधरा दिवस थांबतो व्हय?"

"तुमी सोला."

"माझे हात जाळ्याचे हायत."

मी म्हणालो, मी सोलतो.

नवरा-बायको दोघंही माझ्याकडं बघत राहिले. मग मावशी हसायला लागली, इतकी की चिंधी सुटली.

पहिल्या दिवशी मी दोन तासांत एका भगुन्याचा तळ झाकेल एवढे झिंगे सोलले. सोंड अंगठ्यात किती वेळा घुसली ते मोजायचं सोडून दिलं. मग सोललेले झिंगे धुवायचं मिठाचं पाणी. त्या पाण्यात हात घातल्यावर मी जे ओरडलो, त्यावर गल्लीतल्या दोन बाया घराबाहेर आल्या. मावशी ओट्याच्या वरच्या पायरीवर, बांधलेला अंगठा मांडीवर ठेवून, एखाद्या मास्तरणीसारखी बसलेली.

"नखानं, नखानं. गादीनं न्हाई."

"नखच राहिलं नाही, मावशी."

"काटा आडवा धर. उभा धरला का दोरा तुटतो. तुटला बघ. म्हणलं न्हाई?"

काम संपलं की ती ओल्या हळदीचा एक तुकडा माझ्या हातावर टाकायची. तो दोन्ही हातांना चोळायचा, वास जातो म्हणून. वास काही जायचा नाही. हात पिवळे व्हायचे आणि चिरांमध्ये ते पिवळं बसायचं. घरी गेलो की आई दारातच अडवायची. "आंघोळ कर, मंग आत ये." मी म्हणायचो, आई, याच झिंग्यांचं कालवण तू करतेस. ती म्हणायची, "ते येगळं." त्यावर मी एक भाषण केलं होतं, आईला, दारात उभा राहून. ती ऐकून म्हणाली, "झालं? कर आता आंघोळ."

आठवडी बाजाराला आम्ही दोघं गेलो. मावशी नुसती बसलेली आणि मी सोलतोय, हे बघायला माणसं थांबायची. कुरुंद्याकडून आलेल्या एका ओळखीच्या माणसानं मोठ्यानं विचारलं, "काय पुढारी, आज झिंग्याचा मोर्चा हाय का?" दुसरा म्हणाला, "झिंग्याचं डोकं काढून राहिलाय. सायबाचं कवा काढणार?"

"त्याच्याच्यानं झिंग्याचं निघंना अजून," मावशी म्हणाली. "सायबाचं काय घेऊन बसलाव."

मी मान खाली घालून सोलत राहिलो. त्या हंगामात मी किती सभांना गेलो ते आठवत नाही. सोलताना मान खाली असते, एवढं मात्र आठवतं. मान खाली असलेल्या माणसापुढं गिऱ्हाईकाची पावलं असतात. पावलं खोळंबली की समजतं, आपण हळू आहोत. "व्हा बाजूला" हे पावलं न बोलताही सांगतात. त्या सकाळी मावशी तशी लगेच बाजूला का झाली, भांडली का नाही, हा प्रश्न मला दुकानात पडला होता. बाजारात बसल्यावर पुन्हा पडला नाही.

तिला मात्र हात रिकामा ठेवणं जमत नव्हतं. एकदा मागच्या अंगणात ती डाव्या हातानं लसूण सोलताना सापडली. मी ओरडलो. "डाव्याचा अंगठा थोडाच दाखवायचाय मशीनला," ती म्हणाली. हे वाक्य मी ऐकलं, हसलो आणि विसरलो. माझ्यासारख्या हक्काची पत्रकं लिहिणाऱ्या माणसानं तिथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

पंधरावा दिवस आला. सकाळी तिनं चिंधी सोडली. तेलानं अंगठा मऊ झाला होता, चमकत होता, आणि होता तसाच गुळगुळीत होता. ती उन्हात धरून बघत राहिली. किसनकाकानं चष्मा लावून बघितला. "ही काय, एक दिसून राहिली," तो म्हणाला. ती रेष नव्हती. चीर होती.

 पाटी तशीच पडली होती, म्हणून मी सोलायला बसलो. आणि सोलता सोलता माझ्या उजव्या हाताकडं माझं लक्ष गेलं. अंगठा फाटलेला, पहिलं बोट फाटलेलं, मधलं सुजलेलं, अनामिका पिवळी. आणि करंगळी? ती हवेत. बशीतून चहा पिताना काही माणसं धरतात तशी, वर, एकटी, ऐटीत. तिला ना काटा लागलेला ना मीठ. पंधरा दिवसांत तिनं एकाही झिंग्याला हात लावला नव्हता. झिंगे सोलताना करंगळी कुणाचीच खाली येत नाही.

"मावशी, करंगळी दाखवा."

तिनं दाखवली. उन्हात धरली. रेषा होत्या. शेताच्या तासांसारख्या, एकाशेजारी एक, स्वच्छ.

आम्ही तसेच दुकानात गेलो. माझ्या हातांना झिंग्यांचा वास होता, रांग आपोआप दोन हात दूर सरकली. दुकानदार म्हणाला, "अंगठा लावा." मावशीनं करंगळी लावली. तो "अवं मावशी, अंगठा" म्हणेपर्यंत हिरवा दिवा लागला होता.

"असं बी चालतं व्हय?" तो म्हणाला. "आपल्याला काय म्हाईत."

मी मशीनच्या पडद्याकडं बघितलं. तिथं दोन पंजांचं चित्र होतं. दहा बोटांचं. ते त्या सकाळीही तिथंच होतं. दुकानदारानं ते रोज बघितलं होतं, मी बघितलं होतं, रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं होतं. पण आम्ही सगळे त्याला 'अंगठा लावणं' म्हणतो, म्हणून उरलेली नऊ बोटं कुणाला सुचली नाहीत. दुकानदाराला नाही, केंद्रावरच्या पोराला नाही, दहा मागण्या टाइप करणाऱ्या मला नाही. सात वेळा एकच अंगठा. आठव्या वेळेला दुसरं बोट, एवढंच करायचं होतं. त्याला पंधरा-सतरा दिवस लागले, कारण तिच्यामागं खोळंबलेल्यांत पहिला मी होतो.

गावात ही गोष्ट आता गमतीनं सांगतात. अनसामावशीची करंगळी. मावशी स्वतःसुद्धा सांगते, मशीनमधल्या बाईचा आवाज काढून सांगते. मी हसत नाही म्हणून मला नावं ठेवते.

परवा मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. पाटी आली होती. हळदीची वाफ गल्लीत उतरली होती. मीही चार झिंगे सोलले, आता दोरा तुटत नाही माझा. तिच्या हाताकडं बघितलं तर करंगळीला चिंधी बांधलेली.

"लागलं का काही?"

"न्हाई रे. जपून ठिवली. हळद मोडताना लागती कवा कवा." तिनं डोकं पिरगाळलं, नखानं पाय खरवडले, साल उचलली. मग काटा टोचताना थांबली. "एक सांग मला. पुन्हा मशीननं बोट मागितलं अन् ही बी गेली असली, तर मी कोण म्हणायची?"

मी नियम सांगितला. डोळ्याचं मशीन असतं, मोबाइलवर नंबर येतो, काहीच जमलं नाही तरी माणसाला परत पाठवायचं नसतं. सगळं बरोबर सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "हे त्या दिवशी म्हणला अस्तास तर."

ती रागानं बोलली नाही. झिंग्याचा दोरा वर ओढत ओढत बोलली. तो अख्खा निघाला.

माझा अंगठा वर्षभरात भरून आलाय. रेषा परत आल्यात. मशीनवर तो पहिल्या झटक्यात लागतो. एक बाई साठीला आली आहे, सगळ्या गल्लीला खाऊ घालते, आणि आपण आहोत याचा पुरावा म्हणून एक करंगळी चिंधीत बांधून ठेवते. हे मला रोज दिसतं, तिसऱ्या घरात.

सरकारकडं करायची मागणी मी वेगळ्या कागदावर केली आहे. पोचही घेतली आहे. ही मागणी तुमच्याकडं आहे. तुमच्या घरी झिंगे सोलून येतात, भाजी निसून येते, भांडी घासून मिळतात. कुणाच्या तरी अंगठ्यानं ते झालेलं असतं. उद्या तुम्ही रांगेत असाल. राशनची असेल, बँकेची असेल, कुठलीही. तुमच्यापुढच्या बाईला लाल दिवा येईल. तुम्हाला घाई असेल, मलाही होती. तिला "व्हा बाजूला" म्हणतील आणि ती होईल. तिच्या पायांनी मोकळी केलेली जागा तुमच्यासमोर येईल.

तिथं पाय ठेवू नका. उभे राहा. म्हणा, दहाही बोटं लावून बघा. दहाही लाल आली तर म्हणा, दुसरा रस्ता काढा, आम्ही थांबलोय. मागचे ओरडतील, ओरडू द्या. तिचं काम होईपर्यंत तुमचा अंगठा खिशात ठेवा.